मेमरी कार्ड दर थोड्या दिवसांनी 'फॉरमॅट करा' म्हणतं, तेव्हा

कार्ड लावलं की स्क्रीनवर तीच चौकट येते: हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? आपण वैतागून 'हो' दाबतो, कार्ड कोरं होतं, पुढचे तीन-चार आठवडे सुरळीत जातात आणि मग एके दिवशी पुन्हा तीच चौकट समोर. माझ्याकडच्या ३२ जीबीच्या मायक्रोएसडी कार्डाने सहा महिन्यांत तीनदा हेच केलं. पहिल्या दोन वेळा मी फॉरमॅट मारून मोकळा झालो. तिसऱ्या वेळी त्यात आईच्या आवाजातलं रेकॉर्डिंग होतं. तिच्या लहानपणच्या आठवणी ती दर रविवारी थोड्या थोड्या सांगत होती आणि मी त्या व्हॉइस रेकॉर्डरवर घेत होतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा हात आवरला आणि हे वारंवार का होतंय याच्या मुळाशी जायचं ठरवलं.

जे हाती लागलं ते सविस्तर लिहितो. फॉरमॅट हा या दुखण्यावरचा इलाज नाही, तो फक्त पाटी पुसतो. कार्ड पुन्हा पुन्हा बिघडतं ते बहुतेक वेळा त्याला लावलेल्या कामामुळे. एकच कार्ड तीन यंत्रांत फिरत असतं, किंवा फोटो ठेवायचं कार्ड अखंड लिहिणाऱ्या कॅमेऱ्यात बसवलेलं असतं. कधी कार्ड मुळातच खोटं असतं. यातलं आपल्याकडे काय चाललंय हे कळेपर्यंत दुखणं परत परत येणारच.

आधी 'रद्द करा' दाबा

चौकट आली की 'रद्द करा' दाबायचं. 'दुरुस्त करा' असा पर्याय आला तरी तोही आत्ता नको, कारण दुरुस्ती करतानाही कार्डावर लिहिलं जातं. फायलींची यादी बिघडली म्हणजे फायली गेल्या असं नसतं. क्विक फॉरमॅटमध्येसुद्धा मुख्यतः यादीच पुसली जाते, मजकूर आत तसाच राहतो. पण फुल फॉरमॅट केला किंवा कार्डावर नवीन काही भरलं, तर जुनं खरोखर पुसलं जातं.

आता कार्ड बाहेर काढा आणि उजेडात तिरकं धरून मागची बाजू बघा. मायक्रोएसडीच्या मागे सोनेरी रंगाच्या आठ पट्ट्या असतात. माझ्या कार्डाच्या दोन पट्ट्यांवर बोटाच्या तेलाचा धुरकट थर होता, सरळ धरल्यावर तो दिसतही नव्हता. मऊ कोरड्या कापडाने पट्ट्या हलक्या हाताने पुसा. तेवढ्याने निघालं नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब कापडावर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग दुसरा कार्ड रीडर, दुसरं यूएसबी पोर्ट वापरून पाहा. अडॅप्टरमधून (मायक्रोएसडी मोठ्या खाचेत बसवायच्या प्लास्टिकच्या खोक्यातून) लावत असाल तर अडॅप्टरही बदला. अडॅप्टरच्या आतल्या बारीक स्प्रिंगा सैल होतात, संपर्क मध्येच तुटतो आणि कॉम्प्युटरला कार्ड अर्धवट दिसतं. कार्ड चांगलं आणि अडॅप्टर खराब, असे दोन प्रसंग मी स्वतः पाहिले आहेत. दोन्ही वेळा घरच्यांनी कार्ड टाकून द्यायची तयारी केली होती.

कार्ड दिसलं तर लगेच सगळं कॉपी करून घ्या. नाहीच दिसलं, पण कॉम्प्युटर त्याचा आकार तरी बरोबर सांगत असेल, तर 'फोटोरेक' हा मोफत प्रोग्राम वापरा. नाव फोटोंचं असलं तरी तो ऑडिओ, व्हिडिओ, कागदपत्रं असे शेकडो प्रकार शोधतो. बिघडलेल्या यादीकडे तो बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फायलीची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते, त्या खुणेवरून तो फायली ओळखतो. सापडलेल्या फायली दुसऱ्या डिस्कवरच उतरवायच्या, त्याच कार्डावर चुकूनही नाही. एक तयारी मनाची ठेवा: मूळ नावं परत येत नाहीत, आकड्यांची नावं मिळतात. माझ्याकडे एकेचाळीस फायली परत आल्या. कुठल्या रविवारची कुठली हे ओळखायला मी एकेक लावून ऐकली आणि आई पहिल्या वाक्यात काय म्हणते त्यावरून प्रत्येकीला नाव दिलं. दोन दिवस गेले. पण आवाज परत मिळाला.

फॉरमॅटनंतर काही आठवडे नीट चालतं, ते का?

इथे थांबून नीट पाहण्यासारखं आहे, कारण हाच काळ कारण सांगून जातो. बिघाड ठरावीक दिवसांनी येतो की कार्ड ठरावीक भरल्यावर येतो, हे आठवून पाहा.

ठरावीक भरल्यावर येत असेल तर पहिला संशय खोट्या क्षमतेचा. अशा कार्डाच्या आत समजा ७-८ जीबीचीच चिप असते, पण कार्डातला कंट्रोलर, म्हणजे आतला कारभार बघणारी छोटी चिप, फोनला आणि कॉम्प्युटरला '१२८ जीबी' असं खोटं सांगतो. बाहेरचं यंत्र त्याच्यावर विश्वास ठेवतं, दुसरा मार्गच नसतो. पहिले सात-आठ जीबी खरोखर लिहिले जातात. त्यापुढचं हवेत जातं, किंवा पुन्हा सुरुवातीपासून जुन्यावरच लिहिलं जातं. फायलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून नावं आणि आकार व्यवस्थित दिसत राहतात. फाइल उघडायला गेलं की मात्र फोटोचा वरचा भाग ठीक आणि खाली राखाडी पट्टा, किंवा व्हिडिओ उघडतच नाही. पुढे कधीतरी लिखाण खुद्द यादीवरच चढतं आणि 'फॉरमॅट करा' ची चौकट येते. फॉरमॅट मारलं की कार्ड पुन्हा पहिल्या जीबीपासून भरायला लागतं, म्हणून काही आठवडे सगळं छान. मग पुन्हा तीच जागा, पुन्हा तेच दुखणं. माझ्या मावसभावाने असं कार्ड वर्षभर वापरलं आणि दोष फोनला दिला.

याची चाचणी घरी करता येते आणि प्रत्येक नव्या कार्डावर ती करावी, असं माझं ठाम मत आहे. विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' आणि लिनक्स किंवा मॅकवर 'एफ३' हे मोफत प्रोग्राम आहेत. ते कार्डाची रिकामी जागा ओळखीच्या आकड्यांनी काठोकाठ भरतात आणि मग सगळं परत वाचून ताडून पाहतात. चाचणी पूर्ण रिकाम्या कार्डावरच घ्या, नाहीतर निकालाला अर्थ राहत नाही. वेळ लागतो. सेकंदाला १० एमबी वेगाने लिहिणारं ६४ जीबीचं कार्ड भरायलाच पावणेदोन तास, मग वाचायला आणखी. मावसभावाच्या '१२८ जीबी' कार्डावर आम्ही रात्री चाचणी लावून झोपलो. सकाळी स्क्रीनवर जे होतं त्यात खरी जागा साडेसात जीबीसुद्धा भरत नव्हती. असं कार्ड विकणाऱ्याला परत करा. 'निदान तेवढे सात जीबी तरी वापरू' असा मोह होतो, पण अशा कार्डांत चिपही बऱ्याचदा हलक्या दर्जाचीच असते. त्यावर काहीच सोपवू नका.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ६४ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर ५९.६ दिसलं तर ती फसवणूक नाही. कार्ड बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत.

माझं ३२ जीबीचं कार्ड या चाचणीत उत्तीर्ण झालं. म्हणजे कार्ड खरं होतं आणि चूक माझ्या वापरात होती.

कार्ड कधी ओढून काढलं?

ते एकच कार्ड आठवडाभर गाडीच्या डॅशकॅममध्ये (काचेमागून रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात) असायचं, रविवारी व्हॉइस रेकॉर्डरमध्ये, आणि अधूनमधून गाणी किंवा फोटो न्यायला कॉम्प्युटरमध्ये. गाडी बंद केली की मी लगेच कार्ड दाबून बाहेर काढायचो. नंतर लक्ष देऊन पाहिलं तर गाडी बंद झाल्यावरही डॅशकॅमचा छोटा दिवा आणखी काही सेकंद लुकलुकत होता. शेवटची फाइल बंद करायला त्याने थोडी वीज साठवून ठेवलेली असते आणि तो तेव्हा तेच काम करत असतो. नेमक्या त्या क्षणी मी कार्ड काढत होतो. रेकॉर्डरचंही तसंच. 'थांबा' दाबल्यावर तो फायलीच्या सुरुवातीला तिची लांबी लिहितो. ते व्हायच्या आत कार्ड निघालं तर तासाभराचं रेकॉर्डिंग शून्य सेकंदाचं दिसतं.

यात एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. फ्लॅश मेमरीत कागदासारखं एकच अक्षर खोडून लिहिता येत नाही. लिहायचं ते काही किलोबाइटच्या 'पेज'मध्ये, पण पुसायचं ते काही मेगाबाइटच्या अख्ख्या 'ब्लॉक'मध्ये. म्हणून कार्डातला कंट्रोलर सतत आतल्या आत मजकूर हलवत असतो आणि काय कुठे ठेवलंय याचा नकाशा बदलत असतो. त्या उलाढालीत वीज गेली तर आत्ता लिहिली जाणारी फाइल जातेच, शिवाय महिनाभरापूर्वीच्या, आपण हातही न लावलेल्या फायलीही अडकू शकतात. 'पण मी तर नुसतं कार्ड काढलं' असं वाटतं ते यामुळे.

म्हणून कॉम्प्युटरवरून कार्ड काढताना 'इजेक्ट' करायचं. फोनमधून काढताना सेटिंग्जमधून अनमाउंट करायचं (इजेक्टचंच फोनमधलं नाव) किंवा फोन बंद करायचा. दिवा असलेलं कुठलंही यंत्र असेल तर दिवा पूर्ण विझल्यावर आणखी दहा सेकंद थांबायचं. एवढं केल्यावर माझं निम्मं दुखणं गेलं.

रात्रंदिवस लिहिणारे कॅमेरे

उरलेलं निम्मं कामाच्या स्वरूपात होतं. थोडा हिशेब करून पाहा (आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट). सेकंदाला १५ मेगाबिट वेगाने रेकॉर्ड करणारा डॅशकॅम तासाला पावणेसात जीबी लिहितो. म्हणजे ३२ जीबीचं कार्ड पावणेपाच तासांत भरतं आणि मग जुनं पुसून पुन्हा लिहायला लागतं. घरावर लक्ष ठेवणारा कॅमेरा ४ मेगाबिटने चोवीस तास चालला तर दिवसाला ४३ जीबी होतात. तेवढ्यात ६४ जीबीचं कार्ड वर्षाला सुमारे २४६ वेळा पूर्ण लिहून होतं. तेच कार्ड साध्या कॅमेऱ्यात असेल आणि महिन्यातून एकदा भरून रिकामं होत असेल, तर वर्षाला बारा वेळा. आजच्या साध्या कार्डांतली चिप एका पेशीत तीन किंवा चार बिट कोंबते. त्यामुळे स्वस्तात जास्त जागा मिळते, पण ती पेशी पुसण्या-लिहिण्याचे काहीशे ते काही हजार फेरेच सोसते. त्यात बंद गाडीत काचेखाली तापणाऱ्या डॅशकॅमची उष्णता धरा.

अशा कॅमेऱ्यांसाठी 'हाय एन्ड्युरन्स' नावाने वेगळी कार्डं मिळतात. त्यांच्यावर किती तास रेकॉर्डिंग सोसेल ते दिलेलं असतं. डॅशकॅम आणि पाळत ठेवणारा कॅमेरा यांत तीच घाला, या बाबतीत काटकसर नको. शक्य तर लागतं त्याहून दुप्पट जागेचं घ्या. जागा दुप्पट झाली की प्रत्येक पेशीवरचे फेरे निम्मे होतात. कार्ड त्या कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा आणि त्यात गाणी, फोटो भरू नका. कॅमेरा स्वतःच्याच जुन्या फायली पुसतो, आपल्या नाही. त्यामुळे त्याला फिरायला जागा कमी पडते आणि तो 'कार्ड भरलं' म्हणून थांबतो.

बिघाड नसलेले बिघाड

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ नंतर, काही फोन नवीन कार्ड लावल्यावर विचारतात की ते पोर्टेबल म्हणून वापरायचं की फोनचं अंतर्गत स्टोरेज म्हणून. दुसरा पर्याय निवडला असेल तर कार्ड त्या फोनच्या किल्लीने कुलूपबंद होतं. कॉम्प्युटर ते वाचू शकत नाही आणि फॉरमॅट करायला सांगतो. तिथे 'हो' म्हटलंत तर कार्डावर ठेवलेल्या ॲप्ससकट त्यातलं सगळं जाईल. कार्ड परत त्याच फोनमध्ये घाला, सगळं जागेवर दिसेल. आणि फोन रीसेट करण्याआधी कार्डातलं आधी उतरवून घ्या, कारण किल्ली फोनबरोबरच पुसली जाते.

कार्डावर फायली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात. गाडीतली जुनी म्युझिक सिस्टम किंवा जुना फोटो फ्रेम त्याआधीची एफएटी३२ पद्धतच ओळखतो, म्हणून 'कार्ड एरर' दाखवतो. तिथे ३२ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड वापरा. एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, त्यामुळे लांब व्हिडिओचे तुकडे झालेले दिसले तर तेही बिघाडाचं लक्षण नाही.

'राइट प्रोटेक्टेड' असा संदेश आला तर मोठ्या एसडी कार्डाच्या किंवा अडॅप्टरच्या डाव्या कडेची बारीक पट्टी बघा. रीडरमध्ये सरकवताना ती खाली ओढली जाते. कार्डाच्या आत तिचा कशाशीही संबंध नसतो, रीडरमधला खटका फक्त ती कुठे आहे ते तपासतो. वर सरकवली की काम झालं.

याच्या नेमकं उलट एक लक्षण आहे आणि ते गंभीर आहे. फायली पुसल्या, फॉरमॅटही यशस्वी झालं, पण कार्ड काढून परत लावलं की जुन्या फायली सगळ्या हजर. कार्डाचं आयुष्य संपलं की काही कंट्रोलर लिहिणं कायमचं बंद करतात. खात्री करायला एक छोटी मजकूर फाइल त्यावर ठेवा, इजेक्ट करा, परत लावा. फाइल नसेल तर कुठल्याही प्रोग्रामने हे कार्ड सुधारणार नाही. वाचता येतंय तोवर सगळं उतरवून घ्या.

रास्पबेरी पायवाल्यांसाठी वेगळं

रास्पबेरी पाय हा मेमरी कार्डावरून चालणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर. तो वापरणाऱ्यांची तक्रार ठरलेली: दोन महिन्यांनी सुरू (बूट) होत नाही, कार्ड नव्याने लिहिलं की चालतं. बहुतेक वेळा मूळ विजेत असतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची खूण दिसत असेल तर पुरवठा कमी पडतोय, आधी चार्जर आणि केबल बदला. प्लग ओढून बंद करायची सवय असेल तर ती सोडा. सेन्सर, फलक, संगीत असलं ठरावीक काम करणारा पाय असेल तर रास्पी-कॉन्फिग या त्याच्या सेटिंग्जच्या प्रोग्राममध्ये 'ओव्हरले फाइल सिस्टम' चालू करा. मग सगळं लिखाण रॅममध्ये होतं आणि कार्डाला कोणी हात लावत नाही. बदल रीस्टार्टनंतर टिकत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. सतत डेटा साठवायचा असेल तर कार्डाऐवजी यूएसबी एसएसडीवरून बूट करा.

कुठलं कार्ड कुठे

आता माझ्याकडे प्रत्येक कार्डाला एकच काम आहे. फोनसाठी ए१ किंवा ए२ खूण असलेलं. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० सुटी वाचनं आणि ५०० सुटी लेखनं, ॲप्सना तेच लागतं. व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी व्ही३० किंवा यू३, म्हणजे सलग लिहिताना वेग ३० एमबीच्या खाली जात नाही. डब्यावर ठळक छापलेला मोठा आकडा बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे, म्हणून या खुणाच बघाव्यात.

ड्रॉवरमध्ये पडलेली २, ४, ८ जीबीची जुनी कार्डं टाकू नका. त्यांना फार चांगली कामं आहेत. २००६ साली एसडीएचसी, म्हणजे २ जीबीच्या वरच्या एसडी कार्डांचा प्रकार, आला. त्याआधीचे बहुतेक डिजिटल कॅमेरे २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखतच नाहीत, तिथे जुनं २ जीबीचं कार्डच लागतं. थ्रीडी प्रिंटरला, कॅमेऱ्याचं फर्मवेअर अपडेट करायला, गाडीत गाणी वाजवायला, फोटो फ्रेमला ही लहान कार्डं उत्तम. ८ जीबीत साधारण पाच एमबीची दीड हजार गाणी बसतात आणि ती एकदाच लिहून नुसती वाचायची असतात, त्यामुळे कार्ड वर्षानुवर्षं चालतं. फक्त कुठल्याही कार्डावर एकुलती एक प्रत ठेवून ते कपाटात विसरू नका. न वापरता पडलेल्या फ्लॅश मेमरीतला विद्युतभार हळूहळू झिरपत जातो, उष्णतेत जास्तच.

पुन्हा कोरं करायचं झालंच तर ज्या यंत्रात वापरायचं तिथेच फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर करायचं असेल तर एसडी कार्डांचे नियम ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनचं मोफत 'एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर' वापरा. कार्डाच्या आतल्या ब्लॉकच्या हद्दी धरून ते मांडणी करतं. आणि प्रत्येक कार्डावर बारीक टोकाच्या मार्करने एक अक्षर आणि महिना-वर्ष लिहा. १५ बाय ११ मिलिमीटरच्या चकतीवर तेवढीच जागा असते, पण ती पुरते.

डॅशकॅममध्ये आता हाय एन्ड्युरन्स कार्ड आहे. जुनं ३२ जीबीचं गाडीत गाणी वाजवतं. रेकॉर्डरमधलं ८ जीबीचं कार्ड मी बाहेर काढतच नाही. रविवारी आईचं सांगून झालं की दिवा विझेपर्यंत थांबतो, रेकॉर्डर केबलने कॉम्प्युटरला जोडतो, फाइल दोन ठिकाणी उतरवतो आणि दुसऱ्या ठिकाणची एकदा लावून ऐकतो.